दूरशिक्षणाची वेस : पुणे आकाशवाणीच्या १९५६ मधील प्रयोगापासून

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक बाई वारसा नोंदीच्या कामासाठी आमच्या कचेरीत आल्या होत्या. काम उताऱ्याचे होते, तलाठ्याकडे दोन खेपा घालून झालेल्या होत्या आणि त्या विषयाचे बोलणे दहा मिनिटांत संपले. उठता उठता त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, एक विचारू काय? माझी बहीण चंदगड तालुक्यात दिल्ली हाय. तिनं लग्नानंतर नाशिकच्या त्या मुक्त विद्यापीठातनं बी.ए. केलं, सगळं मराठीतनं. मी दहावी होऊन बसलोय. ते विद्यापीठ आमच्याकडं का येत न्हाई ओ?" दोन्ही बहिणींच्या गावांमध्ये डोंगराची एक सोंड आहे आणि एक राज्यसीमा आहे. सोंड ओलांडून एस.टी. जाते.

आम्ही त्यांना कायद्याचे उत्तर दिले. ते तीन वाक्यांत देता येते. नाव नोंदवण्याचा काही मार्ग निघेल, पण रविवारच्या वर्गासाठी सीमेपलीकडे जावे लागेल, ते अभ्यासकेंद्र तुमच्या गावी येणार नाही, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान हलवली आणि छत्री घेऊन त्या गेल्या. उत्तर बरोबर होते, तरी आमचे समाधान झाले नाही. जे शिक्षण अंतर नाहीसे करण्यासाठीच निर्माण झाले, ते नेमके याच ठिकाणी का अडते, हे पाहण्यासाठी आम्ही थोडे मागे गेलो, आणि मागे जाता जाता १९५६ सालापाशी येऊन थांबलो. सीमाभागातील वाचकास हे साल निराळे सांगावयास नको. पण त्या सालाचा जो भाग येथे सांगावयाचा आहे, तो आपल्या सभांतून क्वचितच सांगितला जातो.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. केंद्र अडीच वर्षांचेही झाले नव्हते, तेव्हा त्याच्यावर एक विलक्षण जबाबदारी आली. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी एक उपक्रम चालू होता. आठवड्यातून एका सायंकाळी शेजारचे शेतकरी कोणाच्या तरी घरी जमत, त्यांच्यासाठी खास तयार केलेला रेडिओ कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि चर्चेचा निष्कर्ष लिहून परत कळवीत. युनेस्कोला हा नमुना निरक्षरतेने ग्रासलेल्या, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत चालतो काय, हे पाहावयाचे होते. देश ठरला भारत, केंद्र ठरले पुणे, आणि भाषा अर्थातच मराठी.

आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. हे सनदी अधिकारी हिंदीतील नामवंत नाटककारही होते. 'कोणार्क' हे त्यांचे नाटक प्रसिद्ध आहे. माणसे एका जागी जमून कान देऊन ऐकतात तेव्हा काय घडते, हे नाटककारास सांगावे लागत नाही. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे आले आणि तेथे त्या वेळी अतिथी प्राध्यापक म्हणून असलेल्या पॉल नॉयराथ यांनी ते केले. या गृहस्थांविषयी दोन ओळी लिहिण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. ते मूळचे व्हिएन्नाचे, शिक्षणाने आमच्याच व्यवसायातले. तेथील विद्यापीठाची कायद्यातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली होती. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत त्यांनी दिवस काढले, सुटून अमेरिकेस गेले आणि समाजशास्त्रज्ञ झाले. त्यांचे वडील ओटो नॉयराथ यांनी अक्षर न ओळखणाऱ्यासही आकडेवारी कळावी म्हणून चित्रांची एक भाषा रचली होती. शिक्षण शाळेच्या भिंतीबाहेर कसे न्यावे, हा प्रश्न त्या घरात दोन पिढ्या नांदत होता, आणि त्यातील दुसरी पिढी तो घेऊन नाशिक-नगरच्या खेड्यांत पोहोचली.

पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच मराठी जिल्हे निवडण्यात आले. सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळात सुमारे वीस सभासद, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. लिहिता-वाचता येणारा निमंत्रक सायंकाळी रेडिओ लावी. सगळे ऐकत. ऐकून झाल्यावर रेडिओ बंद करून खरे काम सुरू होई, ते बोलण्याचे. आपल्या शिवारात हे जमेल काय, याला पैसा कोण देणार, मागच्या वर्षी अमक्याने हेच केले होते तर त्याचे काय झाले? बोलण्याचा गोषवारा आणि न सुटलेले प्रश्न निमंत्रक कागदावर उतरवून टपालाने पुण्यास पाठवी, आणि त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. खेड्यातून मराठीत गेलेला प्रश्न मराठीतच उत्तर होऊन त्याच खेड्याच्या कानी परत येत होता. सभासदांत अक्षरशत्रूही होते. लिहिणारा एक असला की विचारणारे वीस असू शकतात, एवढी साधी सोय त्या रचनेत होती. उणीवही सांगितली पाहिजे. मंडळे बहुतांशी पुरुषांची होती; आमच्या कचेरीत प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या आजीला त्या खोलीत जागा नसती.

नॉयराथ यांनी तुलनेची मांडणी अशी केली की वकिलालाही तीत खोट काढता येऊ नये. काही गावे मंडळे असलेली घेतली. काही गावे अशी घेतली की जेथे सार्वजनिक रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. आणि काही गावांत रेडिओच नव्हता. तिन्हींकडे प्रयोगापूर्वी व नंतर मुलाखती घेतल्या. मंडळांच्या गावी लोकांची माहिती लक्षणीय वाढली होती. ज्या गावी नुसता रेडिओ होता, तेथे वाढ अगदी किरकोळ. म्हणजे आवाज दोन्हीकडे तोच पोहोचला होता, भाषा तीच होती, वक्ता तोच होता. फरक एवढाच होता की एकीकडे ऐकणारे जमून बसले होते आणि दुसरीकडे रेडिओ चावडीवर एकटा बोलत होता. माथुर आणि नॉयराथ यांचे या प्रयोगावरील पुस्तक युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. विकसनशील देशांतील दूरशिक्षणाच्या इतिहासात ते आजही सांगितले जाते; आपल्याकडे मात्र ज्या जिल्ह्यांत हे घडले त्या जिल्ह्यांतही ते कोणास फारसे ठाऊक नाही.

हा निष्कर्ष केवळ आपल्या मातीपुरता नव्हता, हे कळावे म्हणून एक परदेशी उदाहरण घेतो. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात सुतातेन्सा नावाच्या डोंगरी खेड्यात १९४७ साली होसे होआकिन साल्सेदो हा तरुण पाद्री बदलून आला. त्याने तेथे छोटे रेडिओ केंद्र उभारले, आणि पुढे त्यातून देशभर निरक्षर शेतकऱ्यांसाठी रेडिओ शाळा उभ्या राहिल्या. तेथेही शाळा म्हणजे रेडिओ नव्हे. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी शेजारीपाजारी जमत, त्यांच्यातलाच एक थोडेफार शिकलेला माणूस फळ्यापाशी उभा राही आणि रेडिओवरील शिक्षक सांगेल ते अक्षर फळ्यावर काढून दाखवी. कोलंबियातला तो मदतनीस आणि नाशिक जिल्ह्यातला आमचा निमंत्रक एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांचे काम एकच होते.

आता त्या सालाकडे पुन्हा वळू. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर सादर झाला होता. १९५६ च्या जानेवारीत मुंबई पेटली होती, रस्त्यांवर गोळीबार झाले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच पुणे केंद्रावरून हे वीस कार्यक्रम सुरू झाले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. प्रयोगातील पाच जिल्ह्यांत तो नव्हता, पण कोल्हापूर होता, आणि दूधगंगेच्या अलीकडे येणारा आवाज पलीकडे निपाणीस जाण्यापासून अडवील असा कोणताही कायदा तोवर नव्हता. त्यानंतरही झाला नाही. ध्वनिलहरीस अधिवासाचा दाखला लागत नाही. ३१ ऑगस्ट १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ नोव्हेंबरपासून बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३५०-क घातला. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवण्यासाठी प्रत्येक राज्याने झटावे, असे तो म्हणतो. मात्र 'प्राथमिक टप्प्यावर' हे शब्द त्यातच आहेत. घटनाकारांच्या वारसांनी मुलाचा विचार केला. दहावी होऊन संसारास लागलेल्या आणि पस्तिसाव्या वर्षी पुन्हा पुस्तक उघडू पाहणाऱ्या बाईचा विचार तेव्हा कोणीच करीत नव्हते, कारण तिला शिकवण्याचे साधनच अद्याप निर्माण झालेले नव्हते.

१९५९ पासून श्रोतृमंडळांचा विस्तार देशभर करण्यात आला. मंडळांची संख्या हजारोंच्या घरात गेली, आणि संख्या वाढली तशी वीण सैल झाली. हे सरकारी योजनांचे नेहमीचे प्रारब्ध. त्यात आम्ही अधिक रमत नाही. त्याच सुमारास दुसरा प्रवाह सुरू झाला होता. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी अकराशेवर विद्यार्थी आले. १९६९ मध्ये म्हैसूर विद्यापीठानेही पत्रद्वारा शिक्षणाची संस्था काढली. टपालाने टिपणे येत, विद्यार्थी उत्तरे लिहून पाठवी, वर्षातून थोडे दिवस संपर्कवर्ग होत. नोकरी करणाऱ्या कारकुनास, दूर बदली झालेल्या शिक्षकास याचा मोठा आधार झाला, हे नाकारता येणार नाही. पण येथे विद्यार्थी एकटा होता. १९५६ ने शिकवलेला धडा पाकिटात बसण्यासारखा नव्हता, आणि तो बाहेरच राहिला.

मग आले १९७५. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी मागून घेतला. त्या व्यवस्थेचा करार विक्रम साराभाईंच्या हयातीत, १९६९ मध्येच झाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांना दूरदर्शनचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून मिळाले. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीची, तीन मीटर व्यासाची डिश शाळेच्या आवारात उभी राहिली. ज्या गावांनी वीज नुकतीच पाहिली होती, त्यांनी चित्र पाहिले. सकाळी मुलांसाठी आणि सायंकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. शिवाय सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण याच मार्गाने देण्यात आले. कार्यक्रमाची सूत्रे सांभाळणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस होते, आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक होते प्राध्यापक यशपाल. हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे, आणि अगदी अनपेक्षित जागी येणार आहे.

भाषेच्या अभ्यासकास या प्रयोगातील एक बारीक तपशील मोलाचा वाटेल. एकाच चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय त्या यंत्रणेत होती. चित्र एक, पण आंध्रातील खेड्यास ते तेलुगूत ऐकू येई आणि कर्नाटकातील खेड्यास कन्नडमध्ये. बहुभाषिक देशाचा प्रश्न तंत्रज्ञांनी किती सहजपणे सोडवला होता, पहा! कर्नाटकातील गावे विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतील होती. विजापूर व गुलबर्ग्याच्या महाराष्ट्रास लागून असलेल्या पट्ट्यात मराठी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. प्रयोगाच्या भाषा हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड होत्या. मराठी नव्हती, कारण महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. याबद्दल आम्ही तक्रार करीत नाही. वर्षभराच्या प्रयोगात सगळ्यांना बसवता येत नाही. आम्ही फक्त नोंद करतो की भाषा ठरवताना गाव कोणती बोलते हे न पाहता गाव कोणत्या राज्यात आहे हे पाहिले गेले, आणि त्यावर कोणासही आश्चर्य वाटले नाही. १९५६ मध्ये मराठी कार्यक्रमासाठी मराठी जिल्हे निवडले होते. वीस वर्षांनी आधी राज्य ठरत होते आणि भाषा त्याच्या मागून येत होती.

३१ जुलै १९७६ नंतर उपग्रह अमेरिकेने परत नेला.

यानंतर मुक्त विद्यापीठांचे पर्व येते, आणि त्यात आपल्या हैदराबादच्या वाचकांना पहिला मान द्यावा लागतो. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात निघाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावे ओळखले जाते. जी. राम रेड्डी हे त्याचे पहिले कुलगुरू. त्यांनी दोन धाडसे केली. पूर्वी कोणतीही परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या प्रौढासही प्रवेशपरीक्षा देऊन पदवीच्या वर्गात येऊ दिले, आणि पदवीचे शिक्षण तेलुगूतून देण्यास आरंभ केला. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झाले आणि राम रेड्डी त्याचेही पहिले कुलगुरू झाले. राष्ट्रीय विद्यापीठाचा कारभार मात्र मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत राहिला.

जुलै १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. भौतिकशास्त्रज्ञ राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद त्याने घेतले, आणि बारावीपर्यंत न पोहोचलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला. खानापूरच्या बाईंची बहीण याच वाटेने गेली. या विद्यापीठाची आमच्या मते सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे त्याची मराठी पुस्तके. शिक्षकाविना वाचून समजेल असे मराठी लिहिणे हे वर्गात मराठी बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. वर्गात विद्यार्थ्याचा चेहरा पाहून वाक्य बदलता येते. छापील पानावर ती सोय नसते. अर्थशास्त्र, शेती, व्यवस्थापन अशा विषयांत असे मराठी घडवण्याचे काम तेथे झाले, आणि मराठी भाषेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याची दखल घ्यावयास हवी. दुसरे म्हणजे अभ्यासकेंद्रे. तालुक्याच्या महाविद्यालयात रविवारी भरणारा वर्ग, शेजारच्या बाकावर बसलेली किराणा दुकानदाराची सून, होमगार्डमधला जवान, आणि त्यांच्यापुढे उभा असलेला एक ओळखीचा प्राध्यापक. नॉयराथ यांनी मोजलेले ते मंडळ येथे नव्या रूपाने परत आले होते, आणि या वेळी त्यात बायका होत्या.

येथवर सारे ठीक. आता कायदा.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४५ प्रमाणे राज्याचे विधिमंडळ आपल्या राज्यापुरता कायदा करू शकते. नाशिकचे विद्यापीठ महाराष्ट्र विधिमंडळाच्या कायद्याचे अपत्य आहे, तेव्हा त्याचे हातपायही महाराष्ट्रातच चालतात. तरीही बरीच वर्षे या बाबतीत देशभर सैलपणा होता. एका राज्यातील विद्यापीठाची केंद्रे दुसऱ्या राज्यात उघडत, कोणी फारसे विचारीत नसे. मग छत्तीसगडने २००२ मध्ये खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि पाहता पाहता शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर उभी राहिली. काहींचा सगळा पसारा एका खोलीत मावत होता. या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यासाठी जे याचिकाकर्ते पुढे आले, त्यांचे नाव प्राध्यापक यशपाल. होय, तेच. ज्यांनी उपग्रहावरून सहा राज्यांच्या खेड्यांत एकाच वेळी आवाज उतरवला होता, तेच.

११ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल लागला. न्यायालयाने त्या कायद्यातील विद्यापीठ स्थापनेची कलमे रद्द केली. त्याचबरोबर राज्याच्या कायद्याने निर्माण झालेल्या विद्यापीठास राज्याबाहेर केंद्र काढण्याची मुभा देणे हे विधिमंडळाच्या अधिकाराबाहेर आहे, असेही सांगितले. वकील म्हणून आम्ही हा निकाल अनेकदा वाचला आहे आणि तो योग्य आहे, असेच आमचे मत आहे. त्या दुकानांना आळा बसणे आवश्यक होते. पण निकालाची रेघ सरळ असते, आणि सरळ रेघ ओढली की काही घरे तिच्याखाली येतातच. पदव्यांचा बाजार मांडणारा आणि शेजारच्या जिल्ह्यातील आपल्या भाषेच्या माणसास शिकवू पाहणारा, हे दोघे त्या रेघेने एकाच बाजूस टाकले.

२०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अधिकारक्षेत्राचे धोरण दूरशिक्षणास कडकपणे लागू केले. त्याचा फटका कोणास बसला? १९९६ मध्ये, म्हैसूर विद्यापीठाच्या त्या जुन्या पत्रद्वारा संस्थेतूनच, कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ निघाले होते. राज्याबाहेर आणि खाजगी संस्थांमार्फत अभ्यासक्रम चालवल्याच्या कारणावरून २०१३-१४ पासूनची त्याची मान्यता आयोगाने चालू ठेवली नाही. ती २०१८ मध्ये पुन्हा मिळाली. मधल्या वर्षांत विद्यार्थ्यांची जी ससेहोलपट झाली, ती कानडी घरांतही झाली आणि मराठी घरांतही. अशा प्रसंगी भाषा विचारून दुःख वाटले जात नाही, एवढे आम्ही आमच्या कचेरीत आलेल्या पालकांवरून सांगू शकतो.

मग २०२० चे विनियम आले. त्यांनी अभ्यासकेंद्रांवर चालणाऱ्या दूरशिक्षणास अधिकारक्षेत्राची मर्यादा कायम ठेवली, पण पूर्णतः ऑनलाइन अभ्यासक्रमांना अशी मर्यादा असणार नाही, असे म्हटले. प्रथम वाचताना आम्हांस आनंद झाला. दूधगंगा पुन्हा मोकळी झाली, असे वाटले. नंतर नॉयराथ यांची ती तीन प्रकारची गावे आठवली. कायदा आता आवाजाला सीमा ओलांडू देतो. मंडळाला देत नाही. १९५६ च्या मोजमापाप्रमाणे नुसत्या आवाजाने गावाच्या माहितीत किरकोळ भर पडते. म्हणजे विनियमांनी नेमकी तीच गोष्ट मुक्त केली आहे जी एकटी असता फारसे शिकवीत नाही. आणि जी शिकवते, ती रविवारची खोली, तो बाक, तो ओळखीचा प्राध्यापक, ती राज्याच्या हद्दीत बंद आहे.

यावर मार्ग नाही असे नव्हे. राज्य विधिमंडळाचे हात बांधलेले आहेत, संसदेचे नाहीत. लगतच्या जिल्ह्यांतील भाषिक अल्पसंख्यकांपुरती अभ्यासकेंद्रांची मर्यादित मुभा संसदेस कायद्याने देता येईल. बेळगावातील मराठी प्रौढास जी मुभा मिळेल, तीच सोलापूर, जत आणि अक्कलकोटच्या कानडी प्रौढास म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठासाठी मिळावी, हे ओघाने आलेच. किंबहुना ही मागणी दोन्हीकडून एकाच कागदावर झाली, तर तिला विरोध करणे कोणासही जड जाईल. आम्ही तसा मसुदा केला आहे. दोन्ही बाजूंच्या काही मित्रांना तो वाचावयास दिला आहे. धारवाडच्या एका वकील मित्राने कानडी मसुद्यातील आमचे तीन शब्द बदलले आणि एक कलम आमच्यापेक्षा चांगले लिहून दिले.

तोवर खानापूरच्या त्या बाईंचे काय, हा प्रश्न उरतोच. उताऱ्याचे काम झाल्यावर त्या पुन्हा आल्या, तेव्हा आम्ही त्यांना ही सारी हकीकत सांगितली. उपग्रह आणि अनुच्छेद त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. चावडीवरच्या रेडिओचे ऐकून मात्र त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्हीच बसायचं की ओ, कोण येऊ दे न्हाई तर न येऊ दे." त्यांच्या गावात मराठी शाळेला लागून एक वाचनालय आहे. बहिणीची बी.ए.ची पुस्तके एका पोत्यात घालून चंदगडहून आणली गेली आहेत. चार जणी रविवारी दुपारी बसतात. त्यातील एक जण मोठ्याने वाचते, आणि न कळलेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवतात. त्या वहीतील पहिल्या पानाचे छायाचित्र त्यांनी आम्हांस पाठवले. अकरा प्रश्न आहेत. त्यातील दोन कायद्याचे आहेत. त्यांची उत्तरे आम्ही येत्या शनिवारपर्यंत मराठीत लिहून द्यावयाची आहेत.